पवनीत पौनीकर का सापडत नाहीत?

प्रश्न : माझा जन्म 1962 चा असून मी नागपूरच्या तांडापेठेत राहतो. आमचे घराणे विणकरांचे, आडनाव पौनीकर. घरात पिढ्यानपिढ्या असे सांगत आले आहेत की माझे खापरपणजोबा पवनीहून नागपुरास आले, त्यांनी शेवटच्या रघूजीराजांसाठी रेशीमकाठी धोतरे विणली आणि पुढे एम्प्रेस मिल निघाली तेव्हा ते तेथे जॉबर (कामगारांवरचा मुकादम) म्हणून लागले. गेल्या वर्षी मी मुद्दाम पवनीला जाऊन आलो. दोन दिवस विचारपूस केली, परंतु आमच्या आडनावाचे एकही जुने घर तेथे मिळाले नाही. तेव्हापासून मुले म्हणतात की पवनीची गोष्ट कोणीतरी रचलेली असावी. माझ्याजवळ आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि आजीच्या ट्रंकेत सापडलेला एक मोडी कागद आहे. दोन्हींच्या छायाप्रती सोबत पाठवीत आहे. पंचाऐंशी वर्षांच्या एक आत्याबाई हयात आहेत. खापरपणजोबांचा शोध कसा घ्यावा आणि आमचे आडनाव नेमके कोठले, हे कृपया सांगावे.
एक वाचक, तांडापेठ, नागपूर
(पत्रलेखकांच्या इच्छेवरून कागदांतील व्यक्तींची नावे गाळली आहेत.)

उत्तर : ज्या गोष्टीने आपण निराश झालात, तीच आपल्या बाजूची पहिली साक्ष आहे. पवनीत पौनीकर सापडू नयेत हेच स्वाभाविक आहे, कारण ज्या गावात सारेच पवनीचे, तेथे एखाद्या घराला पवनीचे म्हणून वेगळे ओळखण्याची कोणाला गरज पडत नाही. 'कर' लागते ते गाव सोडल्यावर, आणि ते लावतात नव्या गावचे लोक. आपल्या राजघराण्याचेच पाहा. ज्यांना पेशव्यांच्या कागदांत 'नागपूरकर भोसले' म्हटले आहे, त्यांना नागपुरात कोणी नागपूरकर म्हणत नसे. सातारकर आणि अक्कलकोटकर भोसल्यांपासून त्यांना वेगळे दाखवण्याची गरज पुण्याच्या कारकुनाला होती. याच घराण्याला 'हिंगणीकर' असेही म्हणतात, आणि तेही हिंगणी मागे पडल्यावरच. एकाच कुळाला दोन 'कर' लागले, आणि दोन्ही वेळा नाव ठेवणारे लोक दुसरीकडचे होते. आपल्या आसपासचे उमरेडकर, खापेकर, मौंदेकर यांनाही हाच न्याय लावून पाहावा.

आपले आडनाव पवनीत जन्मले नाही. ते नागपुरात, बहुधा तांडापेठ-इतवारीच्या एखाद्या गल्लीत, शेजाऱ्यांच्या तोंडी जन्मले, असे मानूनच पुढे जावे. त्याला आणखी एक बारीक पुरावा आपल्या पत्रातच आहे. आपण गावाचे नाव 'पवनी' लिहिता आणि आडनाव मात्र 'पौनीकर'. कागदावर गाव पवनी राहिले. आडनावात लोकांच्या बोलण्यातली पौनी येऊन बसली. हे नाव एखाद्या दप्तरात तयार झाले असते तर ते 'पवनीकर' झाले असते, आणि आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यात मास्तरांनी खरोखरच 'पवनीकर' असे शुद्ध करून लिहिलेले आहे. म्हणून शोध घेताना पौनीकर, पवनीकर, पवनिकर ही सारी रूपे पाहावीत. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आडनावाशिवाय शोधण्याची तयारी ठेवावी. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या नोंदीत साधारणतः स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव एवढेच येते. आडनावाचा रकाना सक्तीचा झाला तो शाळेच्या, मिलच्या हजेरीच्या आणि नगरपालिकेच्या कराच्या वह्यांमुळे. खापरपणजोबांना हुडकताना त्यांचे आडनाव हा आपला सर्वांत कच्चा धागा आहे. बापाचे नाव आणि गाव हा पक्का.

आता घरच्या गोष्टीचा हिशेब करू. आपण 1962 चे. एका पिढीला अठ्ठावीस वर्षे धरली तर वडील 1934 च्या, आजोबा 1906 च्या, पणजोबा 1878 च्या आणि खापरपणजोबा 1850 च्या आगेमागे जन्मलेले निघतात. आजोबांच्या उताऱ्यातही 1 जुलै 1906 हीच जन्मतारीख आहे. (1 जुलै ही तारीख मास्तरांची समजावी, दाईची नव्हे, मूल शाळेत नाव घालायला आणले की अंदाजाने वय ठरवून सोयीची तारीख टाकण्याची रीत सर्रास होती. वर्ष मात्र एक-दोन वर्षांच्या फरकाने चालण्याजोगे असते.) तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले, त्यांना औरस पुत्र नव्हता, आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्या वेळी खापरपणजोबा तीन-चार वर्षांचे असतील. एम्प्रेस मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, म्हणजे साच्यावर उभे राहण्याच्या ऐन वयाचे. राजासाठी विणणारा आणि मिलमध्ये लागलेला हे दोन वेगळे पुरुष असावेत, बहुधा बाप आणि लेक. मौखिक परंपरेत असे नेहमी घडते. मधली नावे गळतात आणि दोघांचे पराक्रम एकाच्या अंगावर चढतात. गोष्ट रचलेली नसते, फक्त घट्ट दाबलेली असते.

हा तर्क मी केवळ हिशेबावर उभा केला असता तर तो छापण्याचे धाडस केले नसते. परंतु आपण पाठवलेल्या मोडी कागदाने त्याला चांगलाच आधार दिला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

कागद कर्जखताचा आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जातो, त्यामुळे एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे अर्थावरूनच ठरवावे लागते. आपल्या कागदाचा वरचा डावा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, तरी मितीची ओळ शाबूत आहे : श्रावण शुद्ध 5, शके 1789, प्रभव नाम संवत्सरे. शकात 78 मिळवले की 1867 येते. साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव हे पहिले संवत्सर असून ते शके 1789 लाच पडते, तेव्हा आकडा वाचण्यात चूक नाही याची खात्री पटते. म्हणजे ऑगस्ट 1867, आणि तोही नागपंचमीचा दिवस. त्याच वर्षी मुंबईहून आलेली रेल्वे नागपुरास पोहोचली होती. कर्ज 'सुताचे उचलीबद्दल' घेतले आहे.

तिसऱ्या ओळीत खत लिहून देणाऱ्याचे नाव, पुढे 'वल्द' आणि बापाचे नाव, मग 'जात कोष्टी साकीन पवनी हल्ली वस्ती नागपूर' असे शब्द आहेत. आडनाव नाही. 'साकीन' म्हणजे मूळचा राहणारा, आणि 'हल्ली वस्ती' हे शब्द मुक्काम अजून पुरता रुळलेला नसताना लिहीत. सावकाराच्या कारकुनाच्या लेखी हा मनुष्य 1867 मध्येही पवनीचाच होता. आपली मुले जी गोष्ट रचलेली म्हणतात तिचा हा सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा लेखी दाखला आहे, आणि तो आपल्याच ट्रंकेत होता.

कागदाच्या तळाशी उजवीकडे सही नाही. तेथे एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली आकृती काढलेली आहे आणि शेजारी कारकुनाने लिहिले आहे, 'निशाणी धोट्याची'. (धोटा म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे विणकराचे साधन.) लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढी, बाई बांगडी काढी, आणि या विणकराने आपला धोटा काढला आहे. धोट्याच्या मधोमध एक बारीक उभी रेघ आहे. ती कांडीची (धोट्यातल्या सूत गुंडाळलेल्या नळीची) असावी असे मला वाटते, पण छायाप्रतीवरून ठरवता येत नाही. मूळ कागद हाताळताना त्याला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. दोन कोऱ्या, आम्लरहित कागदांत सपाट ठेवून चांगल्या उजेडात त्याची छायाचित्रे घ्यावीत.

1867 मध्ये स्वतःच्या नावे सुतासाठी कर्ज काढणारा मनुष्य सतरा वर्षांचा नसणार. म्हणून हा लिहून देणारा आपल्या खापरपणजोबांचा बाप असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि तसे असेल तर 'वल्द'पुढचे नाव त्यांच्या आजोबांचे ठरते. आपण एका पुरुषाचा शोध घ्यायला निघालात आणि कागदाने त्याच्या वरची दोन नावे हाती दिली आहेत. खापरपणजोबांचे स्वतःचे नाव मात्र अजून मिळायचे आहे. तरीही येथे थांबून एक सावधगिरी सांगतो. घरच्या ट्रंकेत कागद होता, एवढ्यावरून तो घरच्या पूर्वजाचा ठरत नाही. जामीन राहिलेल्या माणसाकडे, साडूकडे किंवा भाऊबंदाकडेही खत येऊन पडते. खापरपणजोबांचे नाव आणि त्यापुढे हेच बापाचे नाव, अशी दुसरी एखादी नोंद मिळेपर्यंत ही कडी पेन्सिलनेच लिहावी.

त्याच कागदावर दोन साक्षीदार आहेत, आणि लोक बहुधा त्यांच्याकडे पाहतच नाहीत. एकापुढे 'सा. मजकूर' आहे. 'मजकूर' म्हणजे वर उल्लेखिलेले, म्हणजे येथे पवनी की नागपूर हे संदिग्ध आहे. परंतु सुतासाठी कर्ज घेणाऱ्या परगावच्या विणकराला साक्ष द्यायला येणारा मनुष्य हा नात्यातला किंवा गावचा असतो. त्या दोन्ही नावांची घराणी आज तांडापेठ, गोळीबार चौक, पाचपावली भागात कोणत्या आडनावाने राहतात याचा तपास केल्यास आपल्याच गावच्या मंडळींचा अर्धा मोहल्ला उभा राहील.

पवनी कोणती, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण विचारायला हवा होता. भंडारा जिल्ह्यातली वैनगंगेकाठची पवनी सर्वांना माहीत आहे. परंतु रामटेक तालुक्यात देवलापारच्या वाटेवर एक पवनी आहे आणि राजुऱ्याकडेही एक पवनी आहे. राजुरा त्या काळी निजामाच्या मुलखात होता, तेव्हा तेथले कागद वेगळ्या राज्याचे, वेगळ्या दप्तराचे. कागदात परगण्याचे नाव वाळवीने नेले आहे. विणकामाचे जुने केंद्र म्हणून भंडाऱ्याच्या पवनीकडे पारडे झुकते हे खरे, पण आत्याबाईंना एक गोष्ट अवश्य विचारावी : कुलदैवताला किंवा सोयऱ्यांकडे जाताना जुनी माणसे नदी ओलांडत असत का, आणि होडीने की पायी? 'गावाचे नाव काय' या प्रश्नाला म्हातारी माणसे जे ऐकले आहे तेच सांगतात. वाटेविषयी विचारले की पाहिलेले सांगू लागतात.

आत्याबाईंकडे सर्वांत आधी जावे, कचेऱ्या कोठे पळून जात नाहीत. त्यांच्या आजीचे माहेर विचारावे, तिचे लग्नाआधीचे नाव विचारावे. लग्नात नाव बदलल्यामुळे बायका नोंदींतून नाहीशा होतात, पण सोयरीक गावाची दिशा सांगते; उमरेड, पवनी, मोहाडीकडचे आंधळगाव अशा विणकरांच्या गावांमध्ये त्या काळी मुली दिल्या-घेतल्या जात. लग्नात कोणते देवक पूजतात, घरात काय खात नाहीत, सुतक कोणाकोणाचे धरतात हेही लिहून घ्यावे. सुतकाची यादी म्हणजे भाऊबंदांची यादी, आणि त्यातल्या ज्या घराचे आडनाव आपल्याहून निराळे असेल ते घर मोलाचे समजावे. कारण पवनीत आपल्या पूर्वजांचे जे कुळनाव होते ते कदाचित त्याच घराने राखलेले असेल.

त्यानंतर कचेऱ्या. नागपूरची नगरपालिका 1864 ची असल्यामुळे शहरात झालेल्या मृत्यूंची नोंद प्रथम महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात विचारावी. पणजोबांच्या मृत्यूपासून सुरुवात करून मागे सरकावे. अंदाज नसेल तर 1918 च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीचे महिने आधी पाहावेत, कारण त्या साथीत गेलेली माणसे नागपूरच्या बहुतेक जुन्या घरांत निघतात. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव मिळेलच अशी आशा बाळगू नये. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असल्याने अनेक ठिकाणी नुसते 'मुलगा' आणि बापाचे नाव असते.

खेड्यांत हेच काम कोतवालाकडे होते. जातीच्या दाखल्यांमुळे 'कोतवाल बुकाची नक्कल' हा शब्द आता विदर्भात घरोघरी माहीत झाला आहे, आणि त्या निमित्ताने लोकांनी नक्कल शाखेत घातलेल्या खेपांमुळे वंशावळीच्या अभ्यासकाचे काम सोपेही झाले आहे. पवनी तेव्हा भंडारा तहसिलीत होती. भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना पौनीकर हे आडनाव लिहू नये. कर्जखतात मिळालेली दोन नावे, जात आणि मौजा लिहून, त्या बापाच्या इतर मुलांचे वंशज गावात राहिले होते का हे शोधावे. आपले पूर्वज गाव सोडून गेले म्हणून त्यांचे सख्खे भाऊही गेले असे नाही. विणकराजवळ शेतजमीन नसेल तर बंदोबस्ताच्या मिसली (जमीन मोजून सारा ठरवल्याच्या नोंदी) आणि 1954-55 चे अधिकार अभिलेख आपल्याला फारसे काही देणार नाहीत, आणि तेथे वेळ घालवू नये. नागपुरातले घर मात्र नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागेवर आहे का ते पाहावे. घर विकत किंवा गहाण घेतले असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील जुन्या सूच्या उपयोगी पडतात. नोंदणीचा पहिला कायदा 1864 चा आहे आणि दस्तात 'वल्द' लिहिणे नेमाचे असल्याने पेन्सिलने लिहिलेली ती कडी शाईने गिरवण्याची सर्वांत चांगली जागा हीच. नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात मध्य प्रांताच्या काळचे कागद आहेत. तेथे एकेका विणकराचे नाव मिळण्यापेक्षा पेठेची, व्यापाराची, कराची माहिती मिळण्याचा संभव अधिक, म्हणून तिकडे सर्वांत शेवटी जावे. 1862 मध्ये वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा काढला गेला, हेही ध्यानात असावे. आपल्या सोयऱ्यांपैकी कोणी हिंगणघाट-आर्वीकडचे असतील तर त्यापूर्वीचे त्यांचे कागद नागपूरच्या नावाखाली असतात.

सनाविषयी एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या स्वतःच्या पणजोबांच्या मृत्यूचा उल्लेख एका घरगुती टाचणात 'फसली 1305' असा होता. (फसली ही महसुली कामासाठीची कालगणना.) मी दख्खनी रीतीप्रमाणे त्यात 590 मिळवून 1895-96 ही साले धरली, एका कचेरीत त्या दोन सालांची पाने तीन वर्षांत अनेकदा चाळली, तेथील कारकुनांवर मनातून रागही धरला, आणि 1896-97 च्या दुष्काळाआधीच ते गेले असे घरात सांगूनही बसलो. पुढे त्याच टाचणातल्या दुसऱ्या एका ओळीत फसलीबरोबर शकही दिलेला दिसला, आणि लिहिणारा उत्तरेकडची रीत वापरीत होता हे उघड झाले. त्या रीतीत 592 मिळवावे लागतात, म्हणजे 1897-98. पणजोबा 1898 मध्ये वारले होते. दुष्काळ त्यांनी पाहिला होता, सोसला होता, आणि मी त्यांना त्याच्या आधीच मारून टाकले होते. म्हणून फसली सन एकटा दिसला की त्यावर विसंबू नये. त्याच हातच्या लिखाणात शक कोठे आहे ते आधी शोधावे. भोसल्यांच्या काळातल्या कागदात शुहूर सन (मराठी दप्तरांत चालणारी आणखी एक कालगणना) अरबी शब्दांत लिहिलेला असेल, उदाहरणार्थ 'खमस सितैन मया व अलफ', तर तो 1165 होय आणि त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे 1764-65.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा मार्गही आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील उपाध्ये यजमानांच्या नामावळ्या राखीत आले आहेत, आणि ते पहिला प्रश्न आडनावाचा विचारीत नाहीत, 'मूळ गाव कोणते?' असे विचारतात. आपल्यासारख्या माणसासाठी ही वही सर्वांत सोयीची, कारण तिच्यात आपण पवनी या नावाखालीच असणार, नागपूरखाली नाही. आत्याबाईंच्या आठवणीत घरातल्या कोणाच्या अस्थी कोठे नेल्या होत्या हे येत असेल तर तेथूनच सुरुवात करावी.

पुस्तकांपैकी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा 1916 चा चार खंडांचा ग्रंथ आपल्याला कोणीतरी नक्की सुचवील. त्यात अनेक जातींमधली कुळनावे दिली आहेत आणि ती गावावरून, हुद्द्यावरून, टोपणनावावरून, झाडा-प्राण्यांवरून कशी पडली याची चर्चा आहे. तेवढ्यासाठी तो अवश्य पाहावा. परंतु एखाद्या जातीच्या उत्पत्तीची जी कथा त्यात येते ती सरकारी अधिकाऱ्यांना कोणीतरी सांगितलेली कथा असते, आणि सांगणारा बहुधा शेजारच्या जातीचा असतो. खानेसुमारीचे छापील अहवालही चाळण्यात अर्थ नाही. त्यांत आकडे आहेत, घरोघरच्या माणसांची नावे नाहीत.

मोडी आपणच शिकावी, असा माझा आग्रह आहे. राज्य अभिलेखागाराचे वर्ग भरतात, आणि रोज तास-दीड तास दिला तर दोन-तीन महिन्यांत कर्जखते वाचता येऊ लागतात. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतले की आपल्याला मजकूर मिळतो. धोटा मिळत नाही, कारण लिप्यंतर करणारा फक्त अक्षरे उतरवतो.

प्रश्न : आमच्या आडनावाच्या शेवटी 'वार' आहे. आजोबा चंद्रपूरकडून नागपुरास आले. घरात आता सर्वजण मराठीच बोलतात. आम्ही मूळचे तेलंगणातले समजावे काय? आणि 'वार'चा वाराशी, म्हणजे सोमवार-मंगळवाराशी, काही संबंध आहे काय?
एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : वाराशी संबंध नाही. तेलुगूत 'वारु' हे आदरार्थी बहुवचन आहे. आपण 'अमुककडची मंडळी' म्हणतो त्या अर्थाने घराण्याच्या नावापुढे ते लागते आणि मराठीच्या तोंडी त्याचे 'वार' झाले. त्याच्या आधीचा भाग हे तेलुगू घराण्याचे 'इंटिपेरु', म्हणजे घरनाव असते. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्यामुळे ही घडण साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाली. आपल्या आडनावाचा पहिला भाग एखाद्या तेलुगू जाणकाराला उच्चारून दाखवावा. लिहून दाखवू नये, कारण देवनागरीत येताना त्याचे द्वित्त (दुहेरी व्यंजन) गळालेले असू शकते.

एवढ्यावरून आपण तेलंगणातले ठरता असे मात्र नाही. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या पट्ट्यात दोन्ही भाषा इतकी शतके शेजारी नांदल्या की, ज्यांच्या आडनावाचा पहिला भाग निखळ मराठी आहे अशांनाही गावच्या रीतीप्रमाणे 'वार' लागलेले दिसते. प्रत्यय प्रदेशाची चाल सांगतो. रक्ताचा निवाडा तो करीत नाही. घरातल्या थोरल्या बायका मामाला, आजोळच्या आजीला काय हाक मारीत आणि चार पिढ्यांच्या सोयरिकी कोणत्या तालुक्यांत झाल्या, हे दोन धागे अधिक भरवशाचे. पूर्वज सिरोंच्याकडचे निघाले तर 1874 पूर्वीचे कागद चांद्याच्या (चंद्रपूरच्या जुन्या) नावाखाली न शोधता 'अपर गोदावरी' जिल्ह्याच्या नावाखाली शोधावेत.

प्रश्न : एका संकेतस्थळावर पैसे भरून मी आमची वंशावळ करून घेतली. तिच्यात आमचे मूळ राजपुतान्यातील एका राजवंशात दाखवले असून सिंहाचे कुलचिन्हही दिले आहे. भाऊबंद म्हणतात, हे घरात लावू नये. आपले मत काय?
एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : भाऊबंदांचे ऐकावे. त्या वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदात, कोणत्या वर्षी आले आहे हे लिहून मागावे. आपण पाठवलेल्या प्रतीत आपल्या आजोबांच्या मागच्या पिढ्यांतल्या एकाही नावाला कागद नाही, आणि आजोबांचे नावही चुकलेले आहे.